रूळ गेले, भराव राहिला : वाचकांचे प्रश्न

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचे रूळ उचलून तिथे चालणाऱ्यांसाठी, सायकलस्वारांसाठी आणि काही ठिकाणी घोडेस्वारांसाठी केलेली वाट म्हणजे रूळवाट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५२ किलोमीटरची वाट १९६७ मध्ये खुली झाली आणि पुढच्या अनेक वाटांना तिने नमुना घालून दिला. गेल्या अंकातल्या लेखानंतर या विषयावर बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रूळवाट सपाट असते असे सगळे सांगतात. तरी एका दिशेने जाताना दम लागतो आणि परतीला उतार जाणवतही नाही. असे का?

उत्तर : लोखंडी रुळावर लोखंडी चाक फारच कमी रोधाने फिरते. म्हणूनच आगगाडीला थोडासा चढसुद्धा जड जातो. शंभर मीटरला एक मीटर चढ आला की सपाटीच्या पाच-सहा पट ओढ लागते. त्यामुळे रेल्वेचे अभियंते डोंगर कापत, दऱ्या भरत आणि चढ एक-दीड टक्क्याच्या आत बसवत. दोन टक्के म्हणजे त्यांच्या हिशेबी खडा चढ.

एक टक्का चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळतो. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरा. दाबून बसवलेल्या कचेवर (क्रशरमधून निघणारा दगडाचा बारीक चुरा) ताशी १५ किलोमीटर वेगाने सपाटीवर साधारण ६० ते ६५ वॅट लागतात. एक टक्का चढावर त्यात ३७ वॅटची भर पडते, म्हणजे मेहनत दीडपटीहून जास्त. असा चढ घाटासारखा दोन किलोमीटरांत संपत नाही, तो वीस-तीस किलोमीटर चालू राहतो.

परतीच्या उताराचे गणितही यातच आहे. कचेवरचा चाकाचा रोध आणि एक टक्का उताराची ओढ जवळजवळ सारखी असते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून पायडल थांबवले की सायकल थोड्या वेळाने थांबायला लागते. दीड टक्का उतारावरसुद्धा ती आपोआप ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. वाट ओली असेल तर तेवढीही नाही.

लांबच्या वाटेवर निघण्याआधी म्हणूनच उंचीचा आलेख पाहा. ग्रेट अ‍ॅलेघनी पॅसेज ही अमेरिकेतली कंबरलंड ते पिट्सबर्ग अशी सुमारे २४० किलोमीटरची वाट आहे. कंबरलंडहून निघाले की पहिल्या ३८ किलोमीटरांत सुमारे ५३० मीटर चढून ७२९ मीटर उंचीचा जलविभाजक गाठावा लागतो. तिथून पिट्सबर्गपर्यंतची बाजू फारच सौम्य आहे. तीच वाट पिट्सबर्गहून सुरू केली तर हा तीव्र भाग शेवटी उतार म्हणून मिळतो. दोन्ही दिशांना लोक जातात, पण पहिल्याच दिवशी भरल्या सामानाने चढ नको असेल तर पिट्सबर्गहून निघावे.

प्रश्न : रूळ आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) काढल्यावर खाली चांगली जाड खडी उरते. तिच्यावरच रोलर फिरवला तर वाट तयार होणार नाही का? वरून वेगळा थर कशासाठी?

उत्तर : होणार नाही, आणि हा खर्च वाचवण्याचा मोह बराच महागात पडतो. रुळाखालची खडी २५ ते ६५ मिलिमीटरची, धारदार आणि बारीक मालाविना असते. पाणी चटकन खाली जावे म्हणून ती मुद्दाम तशी निवडलेली असते. स्लीपरच्या वजनाखाली ती घट्ट बसते, पण वजन काढले की पायाखाली आणि चाकाखाली सरकते. किती रोलर फिरवला तरी पोकळ्या भरायला बारीक माल नसल्यामुळे ती बांधली जात नाही.

याचा अर्थ ती उकरून फेकून द्यावी असाही नाही. ती उत्तम पाया आहे, आणि खालचे पाणी वाहून नेण्याचे काम ती आजही करते. करायचे ते असे.

रूळ, स्लीपर, फिशप्लेट (रुळांचे सांधे जोडणाऱ्या पट्ट्या), खिळे, क्लिपा सगळे निघाल्यावर पूर्ण लांबीवर चुंबक फिरवून घ्या, दोनदा. राहिलेले खिळे पुढे कित्येक वर्षे वर येत राहतात आणि टायर फोडतात. मग ग्रेडरने (पाते लावलेल्या सपाटीकरणाच्या यंत्राने) खडी पसरून एका बाजूला दोन टक्के आडवा उतार द्या, म्हणजे तीन मीटर रुंदीत सहा सेंटिमीटर. वळणावर हा उतार आतल्या बाजूला ठेवा. आठ-दहा टनांचा कंपन करणारा रोलर फिरवा.

यानंतरची पायरी बहुतेकदा गाळली जाते. मोकळ्या खडीवर थेट कच टाकली तर ती प्रत्येक पावसाबरोबर पोकळ्यांत उतरते. वर्षभरात वरचा थर नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि खालची खडी डोके वर काढते. ‘कच वाहून गेली’ अशी तक्रार होते, पण बाजूच्या चरात पाहिले तर कच नसते. ती खाली गेलेली असते. हे टाळायला मध्ये २० मिलिमीटर आणि त्याखालच्या सगळ्या आकारांच्या मिश्र मालाचा पाच-सात सेंटिमीटरचा थर दाबून घ्या. त्याऐवजी जिओटेक्स्टाइल कापडही चालते, पण नंतर कधी वाट खरवडताना ग्रेडरच्या पात्यात ते अडकते. आमचा कल मिश्र मालाकडे आहे.

सर्वांत वर क्रशरची कच : १० मिलिमीटरपासून धुळीपर्यंतचा माल, न धुतलेला. धुळीनेच तो बांधला जातो, म्हणून ‘स्वच्छ’ माल मागवू नका. चुनखडीची कच असेल तर ओल आणि दाब मिळाल्यावर ती हळूहळू सिमेंटसारखी धरते. नदीतली गोल बारीक वाळू-गोटी दिसायला छान असली तरी गोल दाणे एकमेकांत अडकत नाहीत, आणि त्यावर सायकलचे पुढचे चाक घसरते. दाबल्यानंतर दहा सेंटिमीटर जाडी हवी, तीही दोन थरांत. तीन मीटर रुंद वाटेच्या एका किलोमीटरला दाबलेले ३०० घनमीटर, म्हणजे सुमारे ६३० ते ६६० टन माल लागतो. ट्रकमधल्या सैल मालाचे घनमीटर ३०० हून पाव पट जास्त धरा.

दाबताना ओल बरोबर असावी. मूठभर कच आवळली तर गोळा टिकला पाहिजे आणि हाताला पाणी सुटता कामा नये. कोरडी कच रोलरखाली दबत नाही, नुसती पुढे ढकलली जाते. फार ओली असेल तर रोलरला चिकटून वर येते.

प्रश्न : आमच्या वाटेचा एकच तुकडा, कटिंगमधला, प्रत्येक पावसानंतर चिखल होतो. तीन वेळा कच टाकून झाली. पुढे काय?

उत्तर : चौथ्यांदा कच टाकू नका. कटिंग म्हणजे दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेली खाच, आणि दोन्हीकडचे पाणी तिच्यात येते. रेल्वे चालू असताना तिथे दोन्ही बाजूंना चर होते आणि ते नियमित साफ होत. मार्ग बंद झाल्यावर कडांवरून माती आणि पानगळ येऊन ते भरतात, आणि पाण्याला जायला वाटेशिवाय जागा उरत नाही.

क्रम असा ठेवा. आधी चर शोधा. बरेचदा ते मातीखाली असतात, पण फावड्याने आडवा छेद घेतला की जुना आकार दिसतो. ते वाटेच्या वरच्या पातळीपासून निदान ४५ ते ६० सेंटिमीटर खोल करा आणि तळाला पाणी वाहण्याइतका सलग उतार द्या. मग ते पाणी जिथे बाहेर पडते ती मोरी, म्हणजे वाटेखालचा पाण्याचा मार्ग, पाहा. निम्म्या वेळा दोष मोरीतच सापडतो : तोंड गाळाने बुजलेले, नाहीतर आतली एक पाइप बसलेली. मोरीच्या वर भरावात बशीसारखा खळगा दिसत असेल तर आत माती गळते आहे असे समजा. तो भाग लगेच बंद करून तपासून घ्या, कारण असा भराव एका जोरदार पावसात तुटू शकतो.

चर आणि मोरी दोन्ही चालू होऊनही चिखल राहिला तर खालची खडी मातीने भरलेली आहे. गाड्यांच्या धक्क्याने ओली चिकणमाती वर्षानुवर्षे खडीत चढत जाते, आणि अशी खडी पाणी सोडत नाही. तेवढ्या लांबीत ३० सेंटिमीटर उकरून नवी खडी भरणे हाच उपाय आहे.

नदीकाठच्या वाटांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत मिसूरी राज्यातली सुमारे ३८६ किलोमीटरची केटी ट्रेल बरीचशी मिसूरी नदीलगत आहे, आणि १९९३ च्या पुरात तिचे लांबच लांब भाग खराब झाले. पुराचे पाणी वरून जाणारच असेल तिथे वाट उंच करण्यापेक्षा दुरुस्तीला स्वस्त असा कचेचा पृष्ठभाग ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : कच की डांबर?

उत्तर : वाट कोण वापरणार यावर ठरवा. व्हीलचेअर, बाळगाडी, स्केटिंग आणि रोज कामावर जाणारे सायकलस्वार असतील तर डांबर. इंग्लंडमधली ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची रेल्वे पाथ डांबरी आहे, आणि शहरांना जोडणाऱ्या वाटेला ते योग्यच आहे. घोडे, लांब पल्ल्याची भटकंती आणि कमी निधी असेल तर कच. चांगली दाबलेली कच व्हीलचेअरलाही चालते, पण पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस नाही.

डांबराला १५ सेंटिमीटरचा दाबलेला पाया आणि वर पाच ते साडेसात सेंटिमीटर डांबर लागते. ते दोन कारणांनी फुटते. एक, कडा. देखभालीची गाडी कडेवरून गेली आणि बाहेर आधार नसला की कड तुटते, म्हणून दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर पक्की साइडपट्टी हवी. दोन, मुळे. डांबराखाली ओल टिकते आणि शेजारच्या झाडांची मुळे तिकडे येऊन पृष्ठभाग उचलतात. नवी वाट करतानाच कडेने ४५ ते ६० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचा पडदा उभा गाडला तर हे बरेच टळते. नंतर उचललेला भाग तासून सपाट केला तर दोन वर्षांत तो पुन्हा उठतो.

कचेच्या वाटेवरही एका ठिकाणी डांबर किंवा काँक्रीट हवेच : जिथे जुना पूल काढून टाकल्यामुळे वाट खाली उतरून पुन्हा वर चढते. रेल्वेने कधीच दिला नसता असा पाच टक्क्यांचा उतार तिथे आपण देतो, आणि तेवढ्या उतारावर कच पावसाने धुऊन निघते.

प्रश्न : रेल्वेचा जुना लोखंडी पूल माणसांना पेलेल का? आणि फळ्या कशा बसवायच्या?

उत्तर : ताकदीची काळजी सहसा नसते. इंजिन प्रत्येक मीटर लांबीला आठ-दहा टन भार देते. तीन मीटर रुंदीचा पूल माणसांनी गच्च भरला तरी तो मीटरला दीड टनाच्या आसपासच राहतो. काळजी घ्यायची ती झिजेची. खांबाभोवतीची माती पाण्याने खरवडली आहे का, बेअरिंगमध्ये (पुलाच्या तुळया टेकतात ते टेकू) घाण साचून ती जाम झाली आहेत का, लाकडी खांब जमिनीच्या किंवा पाण्याच्या पातळीला आतून पोकळ आहेत का, हे पूल-अभियंत्याकडून तपासून घ्या. लाकूड नेमके त्या पट्ट्यात कुजते, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. हातोड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.

फळ्या प्रवासाच्या दिशेला आडव्या बसवा. लांबीच्या दिशेने बसवल्या तर दोन फळ्यांमधल्या फटीत सायकलचे चाक अडकते. हलकी देखभाल-गाडी जाणार असेल तर जाडी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. फट सहा ते दहा मिलिमीटर असावी, म्हणजे पाणीही जाते आणि काठी किंवा टाचही अडकत नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू किंवा बोल्ट वापरा. लाकूड फुगते-आकसते तसे खिळे वर येतात. कठड्याची उंची अमेरिकेत निदान १.०७ मीटर ठेवतात, ब्रिटनमध्ये सायकलच्या पुलावर १.४ मीटर. पूल उंच असेल आणि वारा असेल तर दुसरा आकडा पाळावा असे आमचे मत आहे.

पूल आणि भराव जुळतो तिथे भराव खचून दोन-तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते. ती दरवर्षी भरावी लागते. लाकडी पुलाखालचे वाळके गवत आणि झुडपेही दरवर्षी काढा. कॅनडात मायरा कॅन्यनमधल्या १८ पुलांपैकी १२ लाकडी पूल २००३ च्या वणव्यात जळाले. ते पुन्हा बांधून वाट २००८ मध्ये खुली झाली.

प्रश्न : बोगद्यातून जाताना काय लक्षात ठेवावे?

उत्तर : प्रत्येकाजवळ स्वतःचा दिवा हवा, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. उन्हातून आत शिरताना काही मिनिटे काहीच दिसत नाही, म्हणून तोंडाशीच वेग कमी करा आणि गॉगल काढा. आत बारमाही गारवा असतो आणि छतातून पाणी ठिबकते. उन्हाळ्यातही एक जाकीट जवळ ठेवा. बोगदा वळणाचा असेल तर पलीकडचे तोंड दिसत नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर रेल्वे कामगारांसाठी कोनाडे ठेवलेले असतात. थांबायचे असेल तर त्यांत शिरा, वाटेत उभे राहू नका.

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. एलरॉय-स्पार्टावर तीन बोगदे आहेत, सर्वांत लांब १,१६० मीटरचा, आणि तिथे सायकलवरून उतरून चालावे लागते. बाथजवळचा १,६७२ मीटरचा कूम डाउन बोगदा २०१३ मध्ये खुला झाला. त्यात दिवे आहेत आणि सायकल चालवता येते. थंड प्रदेशातले काही बोगदे हिवाळ्यात दारे लावून बंद करतात, कारण झिरपलेले पाणी गोठून फुगले की अस्तराचे दगड आणि विटा निसटतात. ग्रेट अ‍ॅलेघनीवरचा सुमारे एक किलोमीटरचा बिग सॅव्हेज बोगदा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद असतो. सहलीची तारीख ठरवताना हे आधी पाहा, कारण बोगद्याला वळसा म्हणजे अख्खा डोंगर.

प्रश्न : मोटारगाड्या आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी खांब रोवायचे आहेत. किती आणि कुठे?

उत्तर : आधी खांब नकोतच असा विचार करा. पुढच्या सायकलस्वाराच्या आड खांब दिसत नाही, तो बाजूला होतो आणि मागचा थेट आदळतो. या अपघातांत हाडे मोडतात. बहुतेक ठिकाणी तोंडाशी वाट दोन दीड-दीड मीटरच्या फाट्यांत विभागून मध्ये बुटकी झुडपे लावली आणि ‘वाहनांना बंदी’ची पाटी उभी केली तर तेवढ्याने मोटारगाडीचा चालक वळतो.

तरीही घुसखोरी होत असेल तर एक किंवा तीन खांब रोवा, दोन कधीच नाही. दोन खांबांच्या मधली जागा वाटेच्या ऐन मध्यावर येते आणि समोरासमोरचे दोघेही तीच निवडतात. खांबांमध्ये दीड मीटर मोकळी जागा, उंची एक मीटर, उजेड परतवणारी पट्टी आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर रंगवलेली निमुळती रेघ हवी. रस्त्याच्या कडेपासून सायकल पूर्ण उभी राहील एवढे अंतर सोडा. मधला खांब कुलपाने काढता येणारा असावा, नाहीतर रुग्णवाहिका बाहेर अडकते. खांब काढल्यावर उरणाऱ्या खोबणीची कड जमिनीच्या वर येता कामा नये.

प्रश्न : रस्ता ओलांडताना जुने रूळ डांबरात तसेच आहेत. धोका आहे का?

उत्तर : आहे. रुळालगतच्या फटीत सायकलचे चाक मावते आणि ओले लोखंड घसरते. काटकोनात ओलांडा, रुळाशी ६० अंशांपेक्षा कमी कोनात कधीच नाही. रूळ काढता येत नसतील तर वाटेलाच थोडे वळण देऊन ती रुळांना काटकोनात आणावी. आणखी एक : आगगाडीला रस्त्यावर अग्रक्रम होता, वाटेला तो बहुधा नसतो. थांबायचे आपण.

प्रश्न : बंद रेल्वेची जमीन मूळ मालकांकडे परत जात नाही का? आणि रेल्वे पुन्हा आली तर?

उत्तर : देशागणिक कायदा वेगळा आहे. सर्वांत जास्त वाद अमेरिकेत झाला, म्हणून तिथले सांगतो. तिथे अनेक रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त रेल्वेसाठी वापरण्याचा हक्क होता. मार्ग कायमचा सोडला की तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकांकडे जाई आणि सलग पट्ट्याचे तुकडे पडत. १९८३ मध्ये कायद्यात बदल होऊन ‘रेलबँकिंग’ आले. पट्टा भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोपर्यंत वाट म्हणून वापरायचा. कायद्याच्या दृष्टीने मार्ग सोडलाच जात नाही, म्हणून जमीन परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये प्रेसॉल्ट खटल्यात ही तरतूद वैध ठरवली. जमीनमालकांना केंद्र सरकारकडे भरपाई मागण्याचा मार्ग मात्र मोकळा ठेवला.

त्यामुळे अशा पट्ट्यावर रेल्वे परत येऊ शकते. वाट सांभाळणाऱ्यांनी पट्टा सलग ठेवायचा असतो, त्यावर पक्की इमारत बांधून तो अडवायचा नसतो.

प्रश्न : काढलेले लाकडी स्लीपर बागेत वाफ्यांच्या कडेला लावू का?

उत्तर : लावू नका. त्यांना क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते डांबरी तेल) पाजलेले असते. उन्हात ते पाझरते, कातडीला जळजळ होते आणि मातीत उतरते. भाज्यांजवळ तर मुळीच नको, लहान मुले बसतील अशा बाकालाही नको. जाळूही नका, धूर विषारी असतो. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. याच कारणाने जुन्या मार्गाची माती तपासल्याशिवाय इतरत्र भरायला नेऊ नये. क्रिओसोटशिवाय वाफेच्या इंजिनांची राख आणि तण मारायला फवारलेले आर्सेनिकही तिच्यात सापडते. जागेवरच कच किंवा डांबराखाली झाकलेली माती बहुधा त्रास देत नाही.

प्रश्न : घोडा आणि सायकल समोरासमोर आले तर कोणी थांबायचे?

उत्तर : सायकलने. पायी चालणाऱ्यानेही घोड्याला वाट द्यायची. मागून येत असाल तर घंटी वाजवू नका, बरेच आधी माणसासारखे बोला. आवाज ओळखीचा असला की घोडा बिचकत नाही. स्वाराने हात केला की चालण्याच्या वेगाने, शक्य तितके लांबून पुढे जा आणि वीस-तीस मीटर गेल्यावरच वेग वाढवा.